चाळीस पूर्णांक एक

आमच्या घरातली भाकरी दर आठवड्याला वेगळी लागायची. दादा, म्हणजे माझे वडील, गावच्या बाजारात मापाडी होते. राशीपाशी गुडघे मोडून बसायचं, पायली भरायची, वरून हात फिरवून सारखी करायची आणि पोत्यात ओतायची, हेच काम दिवस कलेपर्यंत. राशीच्या कडेनं जे सांडेल ते झाडून न्यायची मापाड्याला मुभा असे. त्यामुळं आमच्या पिठात ज्वारी असायची तशी बाजरी असायची, मका असायचा, फुटका हरभरा असायचा, आणि एखाद्या आठवड्यात चार धनेही दाताखाली यायचे. आई पीठ मळता मळता चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि त्या आठवड्याच्या बाजारात काय जास्त आलं होतं ते सांगायची. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि बहुतेक वेळा हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं. माडगं दादांच्या घशासाठी असे, पण एकट्यापुरतं करता येत नाही म्हणून सगळ्यांनाच मिळायचं. ती चव मला नंतर कुठं भेटली नाही. इकडं दक्षिणेत हुलगे मिळतात, बायको माडगं करतेही, पण तिचं पीठ स्वच्छ असतं.

दादांचा घसा कायम बसलेला असायचा, कारण मापाड्याला मोजताना गावं लागतं. मनात मोजलेलं बाजारात कुणी धरत नाही. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं दोघांनी ऐकलं पाहिजे. आणि आमच्याकडं मोजायला 'एक' नं सुरुवात करत नसत. पहिली पायली पोत्यात पडली की 'लाभ' म्हणायचं. दुसरी भरेपर्यंत तेच तोंडात घोळवायचं, लाभ, लाभ, लाभ. ती पडली की दोन, दोन, दोन. आकडा असा फिरता ठेवला की माणूस चुकत नाही. दादांची चाल ओढणीची होती, विहिरीवरच्या मोटेसारखी. मला ती दहा वर्षांचा व्हायच्या आतच आली होती. बाजारातले लोक म्हणायचे, बापाचा गळा पोरात उतरला. दादा तेवढ्यावर खूश असायचे, आणि मीही. घरात आम्ही तिघं आणि झोळीतली धाकटी बहीण. भांडण नव्हतं, फार बोलणंही नव्हतं. दादा घरी आले की घसा वाचवायला गप्पच बसत. हाताच्या खुणेनं पाणी मागत.

शाळा आठवीपर्यंत होती. त्यापुढं शिकायचं तर तासगावला एसटीनं जावं लागे, आणि एसटीचा काही नेम नसे, म्हणून बहुतेक पोरांची शाळा आठवीलाच संपायची. मुलींची तर नक्कीच. पण सांगलीच्या एका वसतिगृहात, तिथं मुलांचं वेगळं आणि मुलींचं वेगळं होतं, आमच्या शाळेसाठी वर्षाला एक जागा होती, मुलगा असो की मुलगी. राहणं, जेवण, पुस्तकं, नववी-दहावी दोन्ही. कुणाला पाठवायचं हे विज्ञानाच्या माने सरांच्या चिठ्ठीवर ठरायचं. त्या वर्षी दोनच नावं होती. एक मी. दुसरी मुमताज, घड्याळवाल्या कासमचाचांची मुलगी. खरं लिहायचं तर दुसरा मी होतो. गणितात ती माझ्या पुढं होती, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

माने सरांबद्दल कुणाच्या मनात वाईट येऊ नये म्हणून आधीच सांगतो, त्यांच्यासारखा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही. खटाव तालुक्यातल्या कोरडवाहू शेतीच्या घरातून आलेले, सायकलवर शाळेत येणारे, सदऱ्याच्या खिशाला खडूची पूड लागलेली. प्रयोगशाळा नावाचं एक कपाट होतं, त्यात एक लोहचुंबक आणि तडकलेली परीक्षानळी. तेवढ्यावर ते आम्हाला विज्ञान शिकवत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "दिसंल तेच लिहायचं. पुस्तकाला खूश करायला आपण बसलेलो नाही." या वाक्यावर मी पुढचं आयुष्य काढलं, आणि याच वाक्यानं त्या वर्षी घात केला.

शेडीत बेदाणा टाकायचे दिवस होते. वाऱ्याबरोबर द्राक्षांचा आंबूस वास वर्गात यायचा. सांगलीला विज्ञान प्रदर्शन होतं, आणि सरांनी ठरवलं की आपल्या शाळेनं चित्रं-बित्रं न नेता एक खरं मोजमाप न्यायचं: पृथ्वी वस्तूला किती जोरानं ओढते, तो आकडा. पुस्तकात तो नऊशे ऐंशी दिला होता. सर म्हणाले, हा आकडा कुणीतरी मोजला म्हणून पुस्तकात आला, आपणही मोजू. ओसरीच्या तुळईला दोरा बांधून खाली लोखंडी गोळा टांगला. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. ती सरांनी तीनदा मोजली. गोळा थोडा बाजूला ओढून सोडायचा, तो जाऊन परत आला की एक फेरा, असे वीस फेरे व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. त्या वेळेवरून फळ्यावरच्या सूत्रानं आकडा काढायचा. स्टॉपवॉच शाळेकडं नव्हतं. ते कासमचाचांनी दिलं. जुनं होतं, पण त्यांनी स्वतः खोलून, तेल देऊन, दुकानातल्या मोठ्या घड्याळाशी दोन दिवस ताडून दिलं होतं. त्यांनी ते रुमालात गुंडाळून मुमताजच्या हाती पाठवलं.

वर्गात आम्ही अठ्ठावीस जण. एकेकानं येऊन घड्याळ धरायचं आणि आपापल्या वहीत वेळ लिहायची. फेरे मोजण्याचं काम सरांनी माझ्याकडं दिलं, गळा होता म्हणून. मी तुळईखाली उभा राहिलो, आणि पहिल्या पोरानं गोळा सोडला तसा बाजारात म्हणतात तसं म्हणालो, लाभ. पोरं हसली. सरही हसले. "अरं, मापाडीच आलाय वर्गात," म्हणाले, पण थांबवलं नाही. तेही त्याच मातीतले. लाभ, दोन, तीन हे त्यांच्या कानाला अडलं नसणार. मी वीस म्हटलं की घड्याळ थांबायचं. अडतीस सेकंद. पुढच्याचं अडतीस पूर्णांक दोन. त्याच्या पुढच्याचं पुन्हा अडतीस. दुपारपर्यंत माझा घसा दादांसारखा झाला आणि मी पाणी प्यायला टाकीकडं गेलो. मी तिकडं असतानाच मुमताजची पाळी आली. ती माझ्यासाठी थांबली नाही. एका मुलीला गोळा सोडायला लावला, मनात मोजलं, वेळ लिहिली आणि जागेवर जाऊन बसली. तिच्या वहीत चाळीस पूर्णांक एक होतं.

दुसऱ्या दिवशी आकडे काढले. सत्तावीस वह्यांत हजार नव्वदच्या अलीकडं-पलीकडं आलं. मुमताजच्या वहीत नऊशे ब्याऐंशी.

सरांनी वह्या टेबलावर मांडल्या आणि एकेक आकडा ताडून बघितला. मग आमच्यासमोरच त्यांनी मोठ्यानं विचार केला. ते नेहमीच तसं करत, आम्हाला विचार करताना माणूस दिसावा म्हणून. दोरा बरोबर आहे. सत्तावीस पोरांनी वेगवेगळ्या हातानं मोजलं आणि सगळ्यांचं एकमेकांशी जुळतं, म्हणजे हात चुकलेले नाहीत. पण सगळ्यांचं मिळून पुस्तकाशी जुळत नाही. म्हणजे चूक सगळ्यांना समान असलेल्या गोष्टीत आहे, आणि समान काय, तर घड्याळ. घड्याळ मागं पडतंय. इथवर सरांची मान आनंदानं हलत होती. मग त्यांनी अठ्ठाविसावी वही उचलली. घड्याळ तेच, दोरा तोच, गोळा तोच. मग एकटीचाच आकडा पुस्तकाशी कसा जुळला?

तो विचार मी आजवर हजार वेळा केला असेल. त्यात खोट सापडत नाही, ही त्यातली भीतीची गोष्ट आहे. इकडं आमच्या गलाईच्या, म्हणजे सोनं वितळवून चोख करायच्या, दुकानात काटा काचेच्या पेटीत असतो, पंखा बंद करून वजन घेतो, आणि सोनं पाण्यात तोलून पाण्याच्या किती पट भरतं ते बघतो. चोख सोन्याचा तो आकडा ठरलेला आहे, एकोणीस आणि वर थोडं. कामावरची मुलं चार वेळा तोलतात आणि एक वजन वेगळं आलं की ते गाळून टाकतात. मी गाळू देत नाही. चारही लिहायला लावतो, आणि वेगळं आलेलं कुणी, कसं तोललं ते विचारतो. मुलं मागं म्हणतात, शेटना वहम आहे. वहम आहेच. दाराची कडीही मी तीनदा बघतो.

सरांनी मुमताजला उभं केलं. आवाज चढवला नाही. "हा आकडा कुठून आणलास?" ती म्हणाली, मोजला. सरांनी पुन्हा तेच विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. सर म्हणाले, खरं मोजून चुकलेलं मला चालतं, खोटं बरोबर आलेलं चालत नाही. पुस्तकातला आकडा धरून मागं मागं जाऊन तू वेळ लिहिलीस. गणित येणाऱ्यालाच हे जमतं, असंही म्हणाले, आणि वर्ग तिच्याकडं बघायला लागला. तिनं खाली बघितलं नाही. ती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, मला जागा मिळणार म्हणून बघते. सरांनी तिच्या आकड्यावर लाल रेघ मारली आणि सत्तावीस आकड्यांची सरासरी काढली. शेवटी घड्याळ रुमालात गुंडाळून तिच्या हाती परत दिलं, आणि कासमभाईंना सांग, मागं पडतंय, असं म्हणाले. ते रागानं नव्हतं. पण पोरांनी ते बाजारात नेलं, आणि आठ दिवसांत दुकानापुढून जाणारा येणारा विचारायला लागला, काय कासमभाई, तुमच्यात किती वाजले? मुमताज शाळेत यायची थांबली. चाचांनी निरोप पाठवला, की ज्या शाळेत माझी पोरगी खोटी आणि माझं घड्याळ खोटं, तिथं दोघांचं काम नाही. चिठ्ठीवर माझं नाव गेलं. आईनं गुळाचा शिरा केला. दादांनी त्या दिवशी बाजारात माझं नाव इतक्यांना सांगितलं की संध्याकाळी त्यांच्या घशातून आवाज मुळीच फुटेना.

पंधराएक दिवसांनी दुपारी आई पाण्याला गेली होती आणि बहीण झोळीत रडत होती. मी झोका द्यायला बसलो. झोका देताना मोजायची मला सवय. झोळी ओढली, सोडली, म्हणालो, लाभ. झोळी पलीकडं गेली, परत माझ्या हाताशी आली, मी म्हणालो, दोन. आणि तिथंच थांबलो. झोळी एकदाच जाऊन आली होती.

कुणाला ही फार मोठी गोष्ट वाटणार नाही. पायली ओतली की ती भरलेली असते. लाभ म्हणताना एक माप खरंच पोत्यात पडलेलं असतं. झोळी सोडली तेव्हा मात्र काहीच झालेलं नसतं. तिथं शून्य म्हणायला हवं. मी वीस म्हणत होतो तेव्हा गोळ्याचे एकोणीसच फेरे झाले होते, सत्तावीस वेळा. सत्तावीस पोरांचं जुळलं, कारण सत्तावीस जणांनी माझंच तोंड ऐकलं होतं. ज्या एका मुलीनं ऐकलं नाही ती बरोबर होती. बहीण पुन्हा रडायला लागली, पण मला झोळीला हात लावायचं धाडस होईना. आई घागर घेऊन आली आणि म्हणाली, काय रं, भूत बघितल्यागत का बसलायस? मी 'काही नाही' म्हणालो.

ते 'काही नाही' मी एकवीस दिवस चालवलं. रोज शाळेत जाताना ठरवायचो आणि रोज मधल्या सुट्टीपर्यंत पुढं ढकलायचो. जेवण जाईना. आईला वाटलं, सांगलीला जायचं म्हणून पोर हुरहुरतंय, आणि ती जास्तच मायेनं वाढायची. ते जास्त सोसत नसे. परीक्षा झाली, सुट्टी लागली, आणि सर गावाला जायला निघाले त्या सकाळी मी त्यांच्या सायकलपुढं उभा राहिलो आणि सांगितलं.

सरांनी सायकल भिंतीला लावली. एक दगड दोऱ्याला बांधून मला मोजायला सांगितलं, फक्त तीन फेरे. मी लाभ म्हटल्यावर त्यांनी हात वर केला. मग ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि टाचेनं माती उकरत राहिले. "चल," एवढंच म्हणाले.

कासमचाचांचं दुकान बाजारपेठेत, पोस्टाच्या अंगाला. चाचांच्या डोळ्यात भिंग होतं आणि शेजारी मुमताज दुसरं भिंग लावून एका घड्याळाची चाकं ब्रशनं साफ करत होती. सरांनी पायातलं काढलं आणि रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की घड्याळ बरोबर होतं, पोरगी बरोबर होती, चूक माझी झाली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी त्यांच्या मागं उभा होतो, आणि नाव घेतलं नाही याचा मला आधार वाटला. त्याची लाज नंतर आली.

चाचांनी भिंग काढलं. "सर, आवं बसा की आदी. चा सांगतो," म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण पुढं काही विचारणंही नव्हतं. सर मुमताजकडं वळले. कुठून मोजलंस, त्यांनी विचारलं.

"शून्यापास्नं. अब्बा तसंच मोजत्यात."

"मग तेव्हा बोलली का नाहीस पोरी?"

तिनं ब्रश खाली ठेवला. "तुमी कुटनं आणलास म्हणून इचारलं, सर. कसं मोजलंस ते इचारलंच न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्यो चुकतोय ते मला तवाच कळलं हुतं. पर खोटी ठरल्यावर दुसऱ्याची चूक सांगितली तर कोण ऐकतंय."

चहा आला. सरांनी तो बशीत ओतून प्यायला. मीही प्यायलो, नको म्हणण्याइतकीही हिंमत नव्हती.

परत येताना सर सायकल हातानं ढकलत होते. शाळेचं फाटक आलं. तिथं थांबून म्हणाले, की सांगलीला शाळा उघडेपर्यंत नाव बदलता येतं. मात्र पहिल्या नावाच्या पोरानं स्वतः लिहून द्यावं लागतं, की मी जागा सोडतो. तू लिहून दिलंस तर मी आजच गावाला न जाता सांगलीला जातो. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढून माझ्यापुढं धरलं. मला दादांचा बसलेला घसा आठवला, शिरा आठवला, आणि खोटं का बोलू, मला स्वतःसाठीही ती जागा हवी होती. मी पेनाकडं बघत राहिलो. सरांनी घाई केली नाही. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि सायकलवर बसले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दादांना नाही, हेडमास्तरांना नाही. त्यांचे माझ्यावर अनेक उपकार आहेत, त्यातला हा मला सर्वांत जड.

मी सांगलीला गेलो. जेवण चांगलं होतं, पुस्तकं नवी होती, मला कुणी बोललं नाही. पण वर्गात प्रश्न आला की मला उत्तर येत असूनही माझा हात वर जात नसे. माझ्यामागं वर्ग चुकेल असं वाटायचं. दिवाळीनंतर मी अभ्यास जवळजवळ सोडला. आठ महिन्यांनी, वार्षिक परीक्षेच्या आधी, विट्याच्या एका ओळखीच्या माणसाबरोबर गलाईच्या कामाला दक्षिणेतल्या या शहरात आलो. माझी भाषा न समजणाऱ्या लोकांनी मला खायला दिलं, काम दिलं, घर दिलं. त्यांचा मी ऋणी आहे आणि ते रोज मनात म्हणतो.

मुमताज पुढं शिकली नाही. आज त्या दुकानावर तिचंच नाव आहे आणि तासगावपासनं लोक घड्याळं घेऊन येतात, असं ऐकतो. लोक हे मला चांगलं म्हणून सांगतात.

सांगलीच्या खोलीत माझ्या शेजारी झोपणाऱ्या पोराचं मला इकडं आल्यावर एक पत्र आलं होतं. त्यानं गमतीनं लिहिलं होतं, की तुझ्या जागी अजून कुणी आलेलं नाही, तुझ्या कॉटवर आम्ही सगळे आमच्या ट्रंका ठेवतो.